साखर सुटली, की चहा सुटला?

कागल तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्याचा गोषवारा त्यांच्याच शब्दांत देते.

«माझे वय ४७ आहे. गेल्या महिन्यात केलेल्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा ६.१ आला. मधुमेह झालेला नाही पण तुम्ही उंबरठ्यावर आहात, साखर कमी करा आणि चालायला लागा, असे डॉक्टरांनी सांगितले. मी कमी-जास्तीच्या भानगडीत न पडता साखर एकदम बंद केली. दिवसाला पाच कप चहा होत असे आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना, म्हणून चहाही सोडला. त्याबरोबर फळे आणि रात्रीची भाकरी-भातही बंद केला. दुसऱ्या दिवसापासून डोके ठणकू लागले, चिडचिड वाढली, चौथ्या दिवशी उठताना भोवळ आली. आठवडा उलटल्यावर डोके थांबले, पण आज बाराव्या दिवशीही पोट साफ होत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि दुपारी गळून गेल्यासारखे वाटते. वजन मात्र दीड किलो उतरले. शरीरातली साखर बाहेर पडताना असा त्रास होतोच, असे एका व्हिडिओत ऐकले. ते खरे आहे का? आणि हे किती दिवस चालणार? सासूबाई म्हणतात, मेंदूला साखर लागते, हट्ट सोड. दीर म्हणतात, आपलेच गुऱ्हाळ आहे, गुळाचा चहा घे, गूळ चालतो. माझ्या जोडीला यजमानांनीही साखर आणि रात्रीची भाकरी सोडली आहे. त्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे. संध्याकाळी त्यांना घाम सुटतो, हात थरथरतात. तेही साखर सुटल्यामुळेच असावे.»

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जी गोष्ट पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे, तिच्यापासूनच मी सुरुवात करते, कारण तुमच्या त्रासाचे उत्तर चार दिवस थांबू शकते, यजमानांच्या त्रासाचे थांबू शकत नाही. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाची रक्तशर्करा धोक्याच्या पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, आणि घेणारा आज पोटभर जेवला आहे की अर्धपोटी आहे, हे त्या पाहत नाहीत. गोळीचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवले ते यजमानांचा जुना आहार गृहीत धरून. आता आहारातून चहाची साखर आणि रात्रीची भाकरी गेली आणि गोळी तेवढीच राहिली, तर संध्याकाळचा घाम आणि थरथर ही रक्तातली साखर फार खाली गेल्याची खूण असू शकते. तिला सवय सुटतानाचा त्रास समजून सहन करणे चुकीचे ठरेल.

म्हणून आज रात्रीपासूनच त्यांची भाकरी ताटात परत वाढा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जाऊन, आहारात काय काय बदलले आणि संध्याकाळी काय होते, हे स्पष्ट सांगा. गोळी कमी करायची, बदलायची की तशीच ठेवायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. घरच्या घरी ती बंद करू नये. दरम्यान पुन्हा थरथर सुटली तर घरातल्या ग्लुकोमीटरवर लगेच मोजा आणि वेळ व आकडा वहीत लिहून ठेवा. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल आणि लक्षणे तीच असतील, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग थोडे जेवायला घालावे. आपल्याकडे व्होग्लिबोज असलेल्या संयुक्त गोळ्या बऱ्याच जणांना दिलेल्या असतात. तशी गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर चढत नाही, त्यामुळे ग्लुकोज पावडरचा डबा घरात असलेला बरा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साखर सोडलेल्या घरातूनही साखरेचा डबा हद्दपार करता येत नाही तो यासाठी.

आता तुमच्याविषयी. शरीरातली साखर बाहेर पडते म्हणून त्रास होतो, ही कल्पना ऐकायला सोपी आहे, पण शरीराचा हिशोब तसा चालत नाही. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असते आणि निरोगी अवस्थेत त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम, साखर विरघळलेली असते. खाल्लेली जास्तीची साखर यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते, जळते किंवा चरबीत रूपांतरित होते. ती मळासारखी कुठे साचून राहत नाही आणि सोडल्यावर घामावाटे वा लघवीवाटे निघूनही जात नाही. मग तुम्हाला जे झाले ते खोटे होते का? अजिबात नाही. ते खरेच होते. फक्त त्याचे कारण दुसरीकडे आहे. तुम्ही एकाच दिवशी चार गोष्टी सोडल्यात आणि चौघींचा दोष एकीच्या माथी मारलात.

डोकेदुखीचे घ्या. रोज पाच कप चहा घेणाऱ्या माणसाच्या पोटात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम कॅफीन सहज जाते, आणि दिवसाला शंभर मिलिग्रॅमची सवय असली तरी ती एकाएकी तुटल्यावर डोके धरते. हा त्रास शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. त्याच्यासोबत मरगळ येते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. तुमच्या पत्रातले दिवस या वेळापत्रकाशी इतके जुळतात की मला फारशी शंका उरत नाही: तुमचे डोके दुखवले ते चहाने. उपासाच्या दिवशी चहा चुकला की दुपारपर्यंत कपाळ ठणकते आणि आपण उपास बाधला असे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

भोवळ आणि उतरलेले दीड किलो ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. यकृत आणि स्नायू साखरेचा जो साठा करतात, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतात. साखर, फळे, भात आणि भाकरी एकदम कमी झाल्यावर तो साठा वापरला जातो आणि त्याचे पाणी मोकळे होते. शिवाय इन्सुलिन कमी झाले की मूत्रपिंडे मीठही थोडे अधिक बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तदाब उतरून पटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. यात चरबी किती गेली, ते मोजून पाहता येते. पाच कपांतले दहा चमचे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर, म्हणजे दिवसाला २०० कॅलरी. बारा दिवसांच्या २४०० झाल्या. एक किलो चरबी उतरायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. तेव्हा साखरेच्या वाट्याला पाव किलोच्या थोडे वर आणि भाकरी-भाताच्या वाट्याला आणखी काही, एवढीच चरबी गेली असेल. उरलेले बहुतेक पाणी आहे. हे मी तुमचा हिरमोड करण्यासाठी सांगत नाही. भाकरी सुरू केल्यावर त्यातले किलोभर वजन परत दिसेल, त्या दिवशी तुम्ही सगळेच सोडून देऊ नये, म्हणून सांगते.

पोट साफ न होणे, दुपारचा गळाठा आणि बहुधा पहाटेची जागसुद्धा, ही कमी खाल्ल्याची लक्षणे आहेत. ज्वारीची भाकरी, पेरू, केळे, सफरचंद हे सगळे एकदम बंद केल्यावर आतड्याला चोथा मिळणार कुठून? सकाळी उठल्याबरोबर पोटात जाणारा गरम चहाही गेला. झोपेविषयी मात्र एक वेगळी शक्यता ध्यानात ठेवा: सत्तेचाळीसाव्या वर्षी पाळी मागेपुढे होत असेल, रात्री अंगातून वाफा निघत असतील, तर झोप मोडण्याचे आणि चिडचिडीचे कारण ऋतुनिवृत्ती असू शकते. ते साखरेच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका, डॉक्टरांशी बोला.

साखर सुटल्याचा त्रास म्हणून जे खरोखर उरते ते एवढेच की ठरलेल्या वेळी गोडाची ओढ लागते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांना रोज काही तास उपाशी ठेवून मग साखरेचे पाणी देण्याचे प्रयोग झाले आणि त्या उंदरांत व्यसनासारखी लक्षणे दिसली. त्यावरून साखर ही अफूसारखी आहे, अशी वाक्ये सर्वत्र फिरू लागली. माणसांच्या बाबतीत तसे सिद्ध झालेले नाही. माणसाची ओढ बरीचशी घड्याळाला बांधलेली असते. चार वाजले, आधण ठेवले, बशीत दोन बिस्किटे आली, की जीभ तयार होते. ही ओढ लाटेसारखी येते आणि आपण दुसऱ्या कामाला लागलो तर वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतेही. पहिले दोन-तीन आठवडे ती वारंवार येईल, पुढे विरळ होत जाईल. हातात मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे असले तर ती लाट सोपी जाते. रिकाम्या पोटी तिच्याशी झुंजण्यात काही पुरुषार्थ नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की साखर बंद ठेवा आणि बाकीच्या तिन्ही गोष्टी परत आणा. रात्री एक भाकरी, सोबत उसळ किंवा आमटी आणि भाजी. दिवसातून एखादे फळ, तेही रस न काढता चावून. आणि चहा सुरू करा. दोन किंवा तीन कप, आले वा गवती चहा घालून, दुपारी चारनंतर नको. बिनसाखरेचा जात नसेल तर पहिले दहा दिवस कपात अर्धा चमचा साखर घ्या, मग पाव, मग काहीच नाही. तीन कपांत अर्धा-अर्धा चमचा म्हणजे साताठ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत, ठेवावी असे सांगितले. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तुम्ही केवळ चहातून त्याच्या दुप्पट घेत होतात. तिथून आठ ग्रॅमवर येणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्यासाठी डोके बांधून आडवे पडण्याचीही गरज नाही.

पुढे काय अपेक्षित आहे, हे तुम्ही विचारले आहे. एक तर जीभ बदलते. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला साध्या दुधाला गोडवा आहे असे जाणवू लागेल, भाकरीचा घास सावकाश चावला तर तो शेवटी गोड लागेल, गाजर आणि परतलेला कांदा वेगळे वाटतील. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांनी आहारातील साध्या साखरांपैकी चाळीस टक्के तीन महिन्यांसाठी कमी केल्या, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तेच पुडिंग त्यांना, साखर कमी न केलेल्या लोकांपेक्षा, सुमारे चाळीस टक्के अधिक गोड लागू लागले. मला त्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही: गोड जास्त जाणवू लागले, पण गोडाची आवड कमी झाली नाही, आणि बंधन उठल्यावर ती मंडळी भराभर पूर्वीच्या साखरेवर गेली. तेव्हा तीन महिन्यांनी श्रीखंड नकोसे वाटेल, अशा भ्रमात राहू नका. ते आवडेलच, फक्त अर्ध्या वाटीत समाधान होण्याची शक्यता वाढलेली असेल. दातांना फायदा लगेच सुरू होतो, कारण साखर मिळाली नाही की दातांवरचे जंतू आम्ल कमी तयार करतात. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढलेली असेल तर ती काही आठवड्यांत उतरते. चेहऱ्यावर तेज येईल वगैरे आश्वासने मी देणार नाही.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. पण ते भाकरी, भात, डाळ आणि फळे यांतूनच तयार होते आणि रात्रभर पोट रिकामे असले तरी यकृत ते पुरवत राहते. त्यासाठी चहात चमचा फिरवावा लागत नाही. त्यांना तुमचा उतरलेला चेहरा दिसत असणार. तुम्ही भाकरी खायला लागलात की त्यांची तक्रार आपोआप कमी होईल.

दिरांचे म्हणणे खोडणे मला जड जाते, कारण कोल्हापूरच्या मातीतल्या माणसाला गुळाविषयी वाईट बोलणे म्हणजे काय, हे मी जाणते. काहिलीत रस उकळत असताना भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढून टाकत रस आटवतात आणि काकवीच्या पुढे जाऊन गूळ जमतो; यात रसायन न घालता केलेला गूळ चवीला नक्कीच श्रेष्ठ असतो. परंतु भेंडी वापरली म्हणून उसाची साखर कुठे जात नाही. रसातले पाणी आटते आणि साखर राहते, म्हणून तर तो गूळ होतो. १०० ग्रॅम गुळातले ८० ग्रॅमहून अधिक साखरच असते, तीही बहुतांश कारखान्याच्या साखरेत असते तीच, सुक्रोज. लोह आणि काही क्षार त्यात असतात हे खरे, पण बाईला दिवसाला लागणाऱ्या लोहाचा नाव घेण्याजोगा वाटा गुळातून मिळवायचा तर एवढा गूळ खावा लागेल की एचबीए१सीचा विषयच संपेल. शिवाय गूळ साखरेपेक्षा किंचित कमी गोड, त्यामुळे चहात खडा मोठा पडतो, आणि ‘चालतो’ म्हटले की दुसरा कपही होतो. चिंचगुळाच्या आमटीतला सुपारीएवढा खडा चार माणसांत वाटला जातो, त्याला माझी हरकत नाही. संक्रांतीला एक गुळाची पोळी तूप लावून खा. रोजच्या चहात मात्र गूळ, काकवी आणि मध या तिघांनाही साखरच समजा. जागतिक आरोग्य संघटनाही मध आणि फळांचा रस साखरेच्याच हिशोबात धरते.

साखर सोडलेल्या घरात ती ज्या दुसऱ्या दाराने येते, ते दार बिस्किटांचे आहे. मारी, टोस्ट, डायजेस्टिव्ह यांच्या पाकिटामागे वरून घातलेल्या साखरेचा आकडा १०० ग्रॅममागे छापलेला असतो, तो एकदा वाचाच. आणि घटकांच्या यादीत इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज ही नावे दिसली तर ती साखरेचीच भावंडे आहेत असे समजा. साखरेऐवजी चहात टाकायच्या गोडव्याच्या गोळ्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत, असे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनेत जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, त्यामुळे यजमानांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तुम्हाला त्यांची गरज नाही. जीभ उतरवायची आहे, तिला दुसऱ्या गोडावर टांगून ठेवायचे नाही.

राहता राहिला तुमचा ६.१. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा मानतात, आणि केवळ चहाची साखर सोडून तो आकडा खाली येईलच, असे मी म्हणणार नाही. त्याला भाताचा डोंगर, पोह्यांची परात आणि दिवसभराचे बसणेही कारणीभूत असते. चेन्नईत ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर साखर, मैदा आणि तेलतूप कमी करून रोज किमान अर्धा तास चालणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे हमी नाही, पण फरक पडतो, आणि तो साखर व चालणे यांच्या जोडीने पडतो. तुमच्या पत्रात डॉक्टरांनी चालायला सांगितल्याचा उल्लेख आहे, चालल्याचा नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटे शेताच्या बांधापर्यंत जाऊन या. जेवणानंतर चढणारी साखर त्याने थोपते.

एचबीए१सी महिन्याभरात पुन्हा करू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि हा आकडा त्यांच्यावर चढलेल्या साखरेचा असतो, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत त्यात पूर्ण बदल दिसत नाही. त्या वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या, विशेषतः पाळीत जास्त रक्त जात असेल तर, कारण लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी आहे त्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. हिमोग्लोबिन कमी निघाले तर दोन्ही कागद एकत्रच डॉक्टरांना दाखवा, आणि यजमानांच्या संध्याकाळच्या नोंदींची वहीही सोबत न्या.